मॅक संगणकावरील विंडोज सदृशीकरण खेळ

विमान चालविणे, शहर वसविणे, आगगाड्यांची वाहतूक सांभाळणे, करमणूक उद्यान चालविणे यांसारख्या प्रत्यक्षातील व्यवहारांची गणिती प्रतिकृती संगणकात उभी करून तीवर जे खेळ खेळले जातात, त्यांना सदृशीकरण खेळ किंवा सिम्युलेशन खेळ म्हणतात. यांपैकी पुष्कळसे खेळ मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज या प्रचालन प्रणालीसाठीच (संगणकाचे निरनिराळे भाग व त्यावर चालणाऱ्या आज्ञावल्या यांचे नियंत्रण करणाऱ्या मूलभूत आज्ञावलीसाठीच) लिहिले गेले. ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉश, संक्षेपाने मॅक, या संगणकाची अंतर्रचना व प्रचालन प्रणाली वेगळी असल्यामुळे हे खेळ त्यावर जसेच्या तसे चालत नाहीत. ते चालावेत म्हणून योजण्यात आलेले उपाय, त्यांमागील तत्त्वे व त्यांच्या मर्यादा यांची माहिती येथे दिली आहे.

वस्तुतः या खेळांचे ॲपलच्या यंत्रांशी मुळात वैर नव्हते. वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये तयार केलेल्या यांत्रिक साधनाची परंपरा घरगुती संगणकावर आणली ती ब्रूस आर्टविक यांच्या सबलॉजिक या संस्थेने, आणि तीही १९७९–८० च्या सुमारास ॲपल २ या संगणकावर. याच आज्ञावलीचे सुधारित रूप मायक्रोसॉफ्टने १९८२ मध्ये आयबीएम कंपनीच्या वैयक्तिक संगणकासाठी ‘फ्लाइट सिम्युलेटर’ या नावाने विकावयास काढले व १९८६ मध्ये त्याची मॅकसाठीही आवृत्ती निघाली. विल राइट यांचा ‘सिमसिटी’ हा नगररचनेचा खेळ १९८९ मध्ये प्रथम मॅक व अमिगा या संगणकांवर आला. आयबीएम धर्तीच्या संगणकांवर तो त्यानंतर पोहोचला. पुढे १९९५ मध्ये विंडोज ९५ ही प्रणाली व तिच्याबरोबरच खेळांसाठी मुद्दाम तयार केलेला डायरेक्टएक्स हा आज्ञासंच आला. विंडोज वापरणाऱ्यांची संख्या कित्येक पटींनी मोठी असल्याने खेळ रचणाऱ्या संस्था तिकडे वळल्या आणि मॅकसाठी वेगळी आवृत्ती काढणे हे त्यांना परवडेनासे झाले. याला ठळक अपवाद म्हणजे ऑस्टिन मेयर यांचा ‘एक्स-प्लेन’ हा विमानोड्डाणाचा खेळ. तो १९९५ मध्ये मॅकवरच जन्मला व २०२२ मध्ये आलेल्या त्याच्या बाराव्या आवृत्तीपर्यंत मॅकवर स्वाभाविकपणे चालत आला आहे.

खेळ व यंत्र यांमधील बंध : एखादा खेळ एका विशिष्ट संगणकाशी तीन ठिकाणी बांधलेला असतो. पहिला बंध यंत्रभाषेचा. संगणकाचा प्रक्रियक ज्या प्राथमिक आज्ञा समजतो त्यांचा संच प्रत्येक प्रक्रियक-कुलाचा वेगळा असतो. विंडोजवरील जवळजवळ सर्व खेळ इंटेल कंपनीच्या ‘एक्स ८६’ या कुलाच्या भाषेत असतात. दुसरा बंध प्रचालन प्रणालीचा. फाइल उघडणे, खिडकी काढणे, कळफलकावरील कळ वाचणे ही कामे खेळ स्वतः करीत नाही. तो त्यासाठी विंडोजला ठराविक नावाने व ठराविक पद्धतीने विनंती करतो. तिसरा बंध चित्रांचा. त्रिमितीय दृश्य रेखाटण्याचे काम स्वतंत्र चित्रप्रक्रियकाकडे असते व त्याच्याशी बोलण्याची विंडोजवरील भाषा म्हणजे डायरेक्टएक्स. मॅकवर तिच्या जागी प्रथम ओपनजीएल व २०१५ पासून मेटल हा ॲपलचा स्वतःचा आज्ञासंच आहे. हे तिन्ही बंध सारखे घट्ट नसतात. कोणता खेळ मॅकवर सुखाने चालेल व कोणता रडतखडत, हे त्या विशिष्ट खेळाचा कोणता बंध अधिक घट्ट आहे यावरून बहुतांशी ठरते. यंत्राची निव्वळ गती ही त्यानंतरची गोष्ट होय.

यंत्रभाषेच्या बंधाचे सर्वांत टोकाचे उदाहरण म्हणजे क्रिस सॉयर यांचा १९९९ मधील ‘रोलरकोस्टर टायकून’ हा करमणूक उद्यानाचा खेळ. त्या काळी इतर लोक सी यासारख्या उच्च स्तरीय भाषेत लिहीत असता सॉयर यांनी तो जवळजवळ संपूर्णपणे एक्स ८६ प्रक्रियकाच्या जुळणी भाषेत, म्हणजे यंत्राच्या एकेका आज्ञेचा हिशेब ठेवून, लिहिला. शेकडो पाहुण्यांची भूक, थकवा, पैसा व मनःस्थिती यांचा हिशेब तेव्हाच्या मामुली संगणकावर अडखळल्याविना चालावा, हा त्यांचा हेतू होता व तो पूर्णपणे साध्य झाला. परंतु उच्च स्तरीय भाषेतील आज्ञावली दुसऱ्या प्रक्रियकासाठी पुन्हा संकलित करता येते, तशी सोय येथे नव्हती. दुसऱ्या कुलाच्या यंत्रावर न्यावयाचे तर सगळाच खेळ पुन्हा लिहावयास हवा होता.

अनुकरणाचे तत्त्व : एक यंत्र दुसऱ्या यंत्राचे अनुकरण करू शकते, ही कल्पना आधुनिक संगणकाच्याही आधीची आहे. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मधील आपल्या निबंधात असे दाखवून दिले की, योग्य वर्णन पुरविल्यास एकच सार्वत्रिक यंत्र अन्य कोणत्याही गणनयंत्राचे काम करू शकते. त्यामुळे मॅकवर विंडोजचा खेळ चालेल की नाही हा प्रश्न तत्त्वतः केव्हाच सुटलेला आहे. प्रश्न उरतो तो वेगाचा. हिशेबाच्या आज्ञावलीने एका सेकंदाऐवजी पाच सेकंद घेतले तरी उत्तर तेच येते. विमानोड्डाणाच्या खेळाचे तसे नाही. सेकंदाला ३० चित्रे दाखवावयाची असतील, तर प्रत्येक चित्रासाठी सु. ३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात पंखांवरील बलांचे गणित, हवामान, इतर विमानांची हालचाल व खालचा भूप्रदेश हे सर्व आटोपावे लागते. वेळ चुकली की धावपट्टी डोळ्यांसमोर हिसक्याहिसक्याने येते व उतरणे अशक्य होते. योगायोग असा की, १९८० च्या दशकात आयबीएमच्या धर्तीवर इतर कंपन्यांनी बनविलेले संगणक खरोखर तंतोतंत जुळतात की नाही, हे पाहण्यासाठी फ्लाइट सिम्युलेटर हाच खेळ चालवून पाहण्याची रीत पडली होती. तो थेट यंत्राला हात घालीत असल्याने नकलेतील बारीकशी उणीवही त्यात उघडी पडे.

प्रक्रियकांची स्थित्यंतरे व जुने उपाय : मॅकच्या इतिहासात प्रक्रियकाचे कूळ तीनदा बदलले. १९८४ मध्ये मोटोरोला ६८०००, १९९४ मध्ये पॉवरपीसी, २००६ मध्ये इंटेल व २०२० मध्ये आर्म धर्तीचे ॲपलचे स्वतःचे प्रक्रियक असा हा क्रम आहे. प्रत्येक स्थित्यंतराबरोबर विंडोजचे खेळ चालविण्याची रीतही बदलली.

पहिल्या काळात सॉफ्टपीसी यासारख्या अनुकारक आज्ञावल्या होत्या. अनुकारक म्हणजे दुसऱ्या प्रक्रियकाची एकेक आज्ञा वाचून तिच्या परिणामाची नक्कल करणारी आज्ञावली. एका आज्ञेसाठी अनेक आज्ञा खर्ची पडत असल्याने त्यावर पत्रे लिहिता येत, विमान मात्र उडत नसे. ॲपलने १९९४ मध्ये याला एक सरळसोट उत्तर काढले : एका मॅकमध्ये चक्क इंटेलच्या ४८६ जातीच्या प्रक्रियकाची पट्टीच बसवून दिली. एका पेटीत दोन संगणक असा हा प्रकार होता. तो महाग पडे, म्हणून फार टिकला नाही.

कनेक्टिक्स कंपनीच्या व्हर्च्युअल पीसी या १९९७ मधील आज्ञावलीने पॉवरपीसीवर संपूर्ण इंटेल संगणक आभासी रूपात उभा केला. तिच्या यशामागील एक तांत्रिक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. अनेक अंकगटांची मोठी संख्या स्मृतीत साठविताना इंटेलचे प्रक्रियक सर्वांत कनिष्ठ गट आधी ठेवतात, तर पॉवरपीसीवर मॅक सर्वांत श्रेष्ठ गट आधी ठेवीत असे. प्रत्येक संख्या उलटीपालटी करीत बसल्यास वेग पार घसरला असता. पॉवरपीसीत इंटेलच्या क्रमाने वाचन करण्याची एक सोय होती, तिचा व्हर्च्युअल पीसीने उपयोग करून घेतला. पुढे जी-५ या जातीच्या प्रक्रियकात ही सोय वगळण्यात आली आणि अधिक वेगवान असलेल्या नव्या मॅकवर ही आज्ञावली चालेनाशी झाली. २००३ मध्ये तिचे हक्क मायक्रोसॉफ्टकडे गेले होते. २००४ मध्ये तिची सातवी आवृत्ती काढून हा दोष दूर करावा लागला.

इंटेलचा काळ : २००६ मध्ये मॅकमध्ये इंटेलचे प्रक्रियक आले आणि यंत्रभाषेचा बंध आपोआप सुटला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ॲपलने बूट कँप ही सोय प्रयोगादाखल उपलब्ध केली. तीत चकतीचा एक भाग विंडोजसाठी राखून ठेवता येई व संगणक सुरू करताना कोणत्या प्रणालीत जावयाचे ते ठरविता येई. विंडोज निवडल्यावर मॅक हा सर्वार्थाने विंडोजचा संगणक बनत असे. कसलेही अनुकरण नसल्याने वेगात तूट येत नसे. सुकाणूचाक, पायपट्ट्या व जॉयस्टिक ही वैमानिकी उपकरणे त्यांच्या विंडोजवरील चालक आज्ञावल्यांसह विनातक्रार जोडता येत. २००६ मध्येच आलेला व प्रक्रियकावर प्रचंड भार टाकणारा ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ मॅकवर खेळण्याचा खरा मार्ग हाच होता. मॅकधारक खेळाडूंना यापेक्षा चांगले दिवस आधी आले नव्हते व नंतरही आले नाहीत, असे म्हणण्यास हरकत नाही.

याच सुमारास पॅरलल्स (२००६) व व्हीएमवेअर फ्यूजन (२००७) यांनी आभासी यंत्राची पद्धत मॅकवर रुजविली. एका प्रत्यक्ष यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालविण्याचे हे तंत्र आयबीएमने १९६० नंतरच्या दशकात मोठ्या संगणकांसाठी विकसित केले होते. यात प्रक्रियकाच्या आज्ञा थेट चालतात. नक्कल होते ती फक्त भोवतालच्या उपकरणांची. दोन्ही प्रणाली एकाच वेळी वापरता येतात ही मोठी सोय. परंतु चित्रप्रक्रियकही नकलीच असल्याने त्रिमितीय खेळांत ही पद्धत बूट कँपच्या मागेच राहिली. नगररचनेच्या वा उद्यानाच्या जुन्या द्विमितीय खेळांना ती पुरेशी होती.

वाइन : या सर्वांहून निराळा विचार वाइन या प्रकल्पात आढळतो. लिनक्स या प्रणालीवर विंडोजच्या आज्ञावल्या चालाव्यात म्हणून १९९३ मध्ये बॉब ॲमस्टड व एरिक यंगडेल यांनी तो सुरू केला. १९९४ पासून त्याची धुरा अलेक्झांडर जुलियार्ड यांच्याकडे आली. ‘वाइन हा अनुकारक नव्हे’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरे म्हणजे हे नाव असून त्यातच तत्त्व सांगितले आहे. वाइन यंत्राची नक्कल करीत नाही, विंडोजचीही एक प्रत आत ठेवीत नाही. खेळ विंडोजला ज्या ज्या विनंत्या करतो त्या तो मध्येच पकडतो आणि तेच काम यजमान प्रणालीकडून करवून घेऊन खेळाला अपेक्षित असलेले उत्तर परत देतो. यासाठी विंडोजमधील हजारो कार्ये बाहेरून निरीक्षण करून स्वतंत्रपणे पुन्हा लिहावी लागली. मायक्रोसॉफ्टच्या मूळ लेखनाचा त्यात उपयोग केलेला नाही. म्हणूनच विंडोजचा परवाना न घेताही तो वापरता येतो, खेळाची प्रत मात्र विकत घ्यावीच लागते. पहिली परिपूर्ण आवृत्ती येण्यास २००८ साल उजाडले, यावरून कामाचा आवाका ध्यानी यावा. मॅकवर हेच तंत्र कोडवीव्हर्स कंपनीच्या क्रॉसओव्हर या आज्ञावलीतून २००७ पासून उपलब्ध झाले.

वाइनला न जमणारी गोष्ट म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात शिरणारे चालक. स्पर्धात्मक खेळांत लबाडी पकडण्यासाठी असे चालक वापरतात व ते खेळ तेथेच अडतात. सदृशीकरण खेळ बहुधा एकट्याने खेळावयाचे असल्याने ही अडचण त्यांना सहसा येत नाही. विंडोजच्या खेळांपैकी नगररचना, शेती, वाहतूक व उद्यान या विषयांवरील खेळ मॅकवर तुलनेने सुखरूप पोहोचतात, याचे हे एक मोठे कारण आहे. विमानोड्डाणाच्या खेळात मात्र नियंत्रण उपकरणे व इतरांनी तयार केलेली पूरक विमाने आपापले चालक व जोडआज्ञावल्या घेऊन येतात. खेळ चालतो, पण सुकाणूचाक ओळखले जात नाही, असा अनुभव त्यांत संभवतो.

ॲपलचे प्रक्रियक व भाषांतर : नोव्हेंबर २०२० मध्ये एम १ या प्रक्रियकाचे मॅक बाजारात आले आणि यंत्रभाषेचा बंध पुन्हा घट्ट झाला. बूट कँपची सोय या यंत्रांवर नाही. तिच्याऐवजी ॲपलने रोझेटा २ हा भाषांतरक दिला. (रोझेटा या नावाचा पहिला भाषांतरक पॉवरपीसीकडून इंटेलकडे जाताना वापरला गेला व २०११ मध्ये काढून घेण्यात आला.) जुना अनुकारक व हा भाषांतरक यांतील फरक दुभाष्या व ग्रंथाचा अनुवादक यांच्यातील फरकासारखा आहे. दुभाष्या वाक्य ऐकेल तसतसे सांगत जातो. अनुवादक संपूर्ण ग्रंथ एकदाच भाषांतरित करून ठेवतो व वाचकाला पुन्हापुन्हा थांबावे लागत नाही. रोझेटा शक्य तेवढे भाषांतर आधीच करून ठेवते व खेळ चालू असताना नव्याने निर्माण होणाऱ्या आज्ञांपुरतीच दुभाष्याची भूमिका घेते. शिवाय ॲपलने प्रक्रियकातच एक विशेष सोय ठेवली आहे : स्मृतीत लिहिण्याच्या क्रमाविषयी इंटेलचे नियम आर्मपेक्षा कडक असून, भाषांतरित आज्ञावली चालताना हा प्रक्रियक इंटेलचे नियम पाळू शकतो. व्हर्च्युअल पीसीला जी सोय नव्या प्रक्रियकाने नाकारली, तशाच स्वरूपाची सोय येथे हेतुपुरस्सर केलेली दिसते.

तरीही काही जागी गाडी अडते. जुन्या इंटेल प्रक्रियकांत दशांश गणितासाठी ८० बिटांच्या संख्या वापरणारा एक भाग होता. उतारावरील गाडीचा वेग, विमानाचे स्थान यांसारखी गणिते जुन्या खेळांत त्यावर होत. आर्ममध्ये त्याला प्रतिरूप नसल्याने रोझेटाला हे गणित आज्ञावलीने, सावकाश, करावे लागते. उलट अगदी नव्या खेळांत एव्हीएक्स नावाच्या, अनेक संख्यांवर एकदम क्रिया करणाऱ्या आज्ञा असतात; त्या रोझेटाला २०२४ मधील सिक्वोया या प्रणालीपर्यंत समजत नव्हत्या व असे खेळ सुरूच होत नसत.

चित्रांच्या बंधावर २०२३ मध्ये मोठा उपाय निघाला. ॲपलने खेळ रचणाऱ्यांसाठी एक साधनसंच प्रसिद्ध केला. त्यात वाइन व डायरेक्टएक्सच्या ११ व १२ या आवृत्त्यांचे मेटलमध्ये रूपांतर करणारा भाग एकत्र होते. रचनाकारांनी आपला खेळ मॅकवर कसा चालेल हे अजमावून मग खरी मॅक आवृत्ती तयार करावी, असा ॲपलचा उद्देश होता. खेळाडूंनी मात्र तो थेट खेळण्यासाठीच वापरावयास सुरुवात केली. अशा वेळी विंडोजचा खेळ तीन थरांतून जातो : यंत्रभाषा रोझेटात, विनंत्या वाइनमध्ये व चित्रे रूपांतरकात. पृष्ठभागांचे रंग व छाया ठरविणाऱ्या छोट्या आज्ञावल्यांचे भाषांतर प्रथमच होत असताना दृश्य क्षणभर थबकते. तोच प्रदेश दुसऱ्यांदा पाहताना ते सुरळीत चालते.

दुसरा मार्ग आभासी यंत्रात आर्मसाठी बनविलेली विंडोज चालविण्याचा असून मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये पॅरलल्सला त्यासाठी मान्यता दिली. इंटेलच्या आज्ञांचे भाषांतर तेथे विंडोज स्वतःच करते. ज्यांना यापैकी काहीच नको असेल त्यांच्यासाठी खेळ दूरच्या संगणकावर चालवून त्याचे चित्र तेवढे मॅकवर पाहण्याची सोय आहे. २०२० मधील ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ हा खेळ भूप्रदेशाची २ पेटाबाइटहून अधिक माहिती गरजेप्रमाणे जालावरूनच आणतो. मार्च २०२२ पासून तो संपूर्ण खेळच या दूरस्थ पद्धतीने खेळता येऊ लागला.

जुन्या खेळांचे जतन : ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या कॅटलिना या मॅक प्रणालीने ३२ बिटांच्या आज्ञावल्या चालविणे बंद केले. त्यापूर्वी मॅकसाठी खास तयार केलेले जे खेळ पुढे सुधारले गेले नव्हते, ते एका दिवसात निकामी झाले. त्यांच्या निर्मात्या संस्थांपैकी काही बंद पडलेल्या, काहींना जुन्या मालात स्वारस्य उरलेले नव्हते. परंतु त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये क्रॉसओव्हरची जी आवृत्ती आली तीत ३२ बिटांच्या विंडोज आज्ञावल्या ६४ बिटांच्या प्रक्रियेत चालविण्याची युक्ती साधली होती. परिणामी एखाद्या जुन्या खेळाची मॅकवर चालणारी आवृत्ती कोणती, असे विचारल्यास त्याचे उत्तर विंडोजची आवृत्ती असे द्यावे लागते. मॅकसाठी पैसे मोजून घेतलेली प्रत कपाटात पडून राहते व परकी प्रत चालते. याचे कारण असे की, विंडोजच्या कार्यांचा करार मायक्रोसॉफ्टने दीर्घकाळ फारसा मोडला नाही आणि वाइनने त्या कराराची दुसरी प्रत करून ठेवली. ॲपलने आपला करार दर काही वर्षांनी नव्याने लिहिला व मागे राहिलेल्यांची सोय काही काळापुरतीच केली.

२०२५ मध्ये ॲपलने जाहीर केले की, सव्वीसावी मॅक प्रणाली ही इंटेल प्रक्रियकाच्या मॅकवर चालणारी अखेरची असेल व रोझेटाची संपूर्ण सोय सत्ताविसाव्या प्रणालीपर्यंत राहील. त्यानंतर ज्यांची देखभाल कोणी करीत नाही अशा जुन्या खेळांसाठी तिचा काही अंश ठेवण्यात येईल. आपल्या भाषांतरकाला निरोप देताना खेळांचा असा वेगळा उल्लेख ॲपलला करावा लागला, ही बाब बोलकी आहे.

भाषांतर टाळून बंध मुळातूनच तोडण्याचाही एक मार्ग आहे. क्रिस सॉयर यांच्या १९९५ मधील ‘ट्रान्सपोर्ट टायकून डीलक्स’ या वाहतुकीच्या खेळाचे यंत्रभाषेतील रूप उकलून लुडविग स्ट्रिगियस यांनी २००४ मध्ये त्याची ओपनटीटीडी ही खुली पुनर्रचना सी भाषेत केली. ‘रोलरकोस्टर टायकून’ मालिकेतील दुसऱ्या खेळावर असेच काम २०१४ मध्ये ओपनआरसीटी २ या नावाने सुरू झाले. मूळ जुळणी भाषेतील आज्ञांचा अर्थ लावीत स्वयंसेवकांनी एकेक कार्य उच्च स्तरीय भाषेत उतरविले. सुरुवातीला पुनर्लिखित भाग मूळ आज्ञावलीला जोडूनच चालत असे व त्यामुळे विंडोजबाहेर पडता येत नसे. अखेरचे मूळ कार्यही बदलले गेल्यावर हा खेळ आर्म प्रक्रियकाच्या मॅकवर कोणत्याही भाषांतराविना चालू लागला. चित्रे व ध्वनी यांसाठी मात्र खेळाची मूळ प्रत जवळ असावी लागते.